न्हाणीला छप्पर नसतं

ड्रोन हवेत राहतो फार तर वीस-पंचवीस मिनिटं. त्याच्या तयारीला मला तीन दिवस लागतात. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मी उगाच भाव खातोय. "सलीमभाई, बटन दाबलं की उडतंय की ते," हे वाक्य मला लोह्यापासून लातूरपर्यंत किती जणांनी ऐकवलं असेल, त्याची गणती नाही. मी हसून सोडून देतो. बटन दाबलं की ते उडतं हे खरंच आहे. ते कुठे आणि कसं उतरेल, हे मात्र आधीच्या तीन दिवसांवर असतं.

नांदेडात माझं फोटोचं दुकान आहे. रोलच्या जमान्यात सुरू केलं, डिजिटलमध्ये तगलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी ड्रोन शिकलो. रीतसर प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, वर्गातल्या पोरांनी मला 'चाचा' म्हणून पहिल्या बाकावर बसवलं. खोकं घेऊन घरी आलो तेव्हा आमच्या बेगम, रझिया, म्हणाल्या, "लोक या वयात नातवंडं खेळवतात, तुम्ही पतंग घेऊन आलात." पुढे तो पतंगच घर चालवायला लागला, तेव्हापासून बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं काम त्यांनी आपणहून घेतलं आहे.

तयारी म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. पहिल्या दिवशी सरकारी नकाशा बघायचा. त्यावर लाल भाग म्हणजे उडवायचं नावच काढायचं नाही, पिवळा म्हणजे आधी परवानगी, हिरवा म्हणजे मोकळं रान. नांदेडात विमानतळ आहे, त्यामुळे शहरातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना मला नाही म्हणावं लागतं आणि ते माझ्यावर रुसतात. दुसऱ्या दिवशी जागेवर जायचं. विजेच्या तारा कुठून गेल्यात, डीपी कुठे आहे, झाडं किती उंच, मोबाईलचा टॉवर किती जवळ, वारा सकाळी कुठला आणि दुपारी कुठला. झाडाला आग्या मोहोळ लागलेलं नाही ना, हे मान मोडेस्तोवर बघायचं. इस्लापूरकडे धबधब्याचं काम असलं तर काच पुसायची मऊ फडकी दुप्पट न्यायची, कारण तिथे दर दोन मिनिटांनी तुषार बसतात. तिसऱ्या दिवशी घरी बसून पंख्याच्या प्रत्येक पात्यावरून नख फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला कळते. बॅटरी सपाट जागेवर ठेवून बघायची, डुगडुगली तर ती फुगली समजून बाजूला टाकायची. कार्ड रिकामं करायचं. गावात ऐनवेळी लाईट असेलच या भरवशावर कधीही राहायचं नाही.

यातली एकही गोष्ट मला पुस्तकाने शिकवलेली नाही. ठेच लागली की शिकायचं, असा माझा अभ्यासक्रम. लातूरजवळ एका बारशाला मी शहाणपणा करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून ड्रोन उडवला. ड्रोन जिथून उडतो ती जागा तो घर म्हणून ध्यानात ठेवतो आणि बॅटरी संपत आली की आपसूक तिथेच परततो. मी वर बघत होतो, तेवढ्यात कुणीतरी ट्रॉली काढून नेली आणि त्या जागेवर पंगत बसवली. ड्रोन इमानदारीत घरी परतला तो थेट वरणाच्या पातेल्यात. यजमान भला माणूस होता. त्याने आधी ड्रोन बाहेर काढला, पुसला, माझ्या हातात दिला आणि मग म्हणाला, "भाई, आता तुमीबी बसा जेवायला."

असल्या चुकांवर मी आजही हसतो. ज्या चुकीवर हसू येत नाही, ती मात्र सगळी तयारी चोख केलेल्या दिवशी झाली.

लोह्याच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. तिथले दत्तराव नावाचे शेतकरी, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. दत्तरावांची हौस साधी होती. मांडव, मारुतीचं देऊळ आणि भोवतीचं अख्खं गाव एका चित्रात वरून दिसलं पाहिजे. "लेक सासरी गेल्यावर तिला गाव बघू वाटलं तर बघंल की," असं म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं. वरात आणि डीजे वरून काढून मी कंटाळलो होतो.

दोन दिवस आधी जाऊन आलो. शाळेचं मैदान उडवायला उत्तम, तारा सगळ्या एका बाजूला, मोहोळ कुठे नाही. गल्लोगल्ली हिंडून मी मनात रेघ आखली: देवळापासून निघायचं, घरांवरून तीस मीटर उंचीने सरकत यायचं आणि मांडवाच्या अलीकडे थांबून चित्र घ्यायचं. वेळ ठरवली सकाळी सातची. त्या वेळी ऊन तिरकं असतं, चुलींचा धूर घरांवर निळसर तरंगत असतो आणि भिंतींच्या सावल्या लांब पडतात. फोटोवाल्याला त्या अर्ध्या तासाचा मोह सुटत नाही. माझ्या वहीतल्या सगळ्या खुणा करून झाल्या होत्या. त्या वेळी मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो.

लग्नाच्या दिवशी सातला उडवलं. वारा नव्हता. गाव खरोखर देखणं दिसत होतं. ठरल्याप्रमाणे मांडवाच्या अलीकडे ड्रोन थांबवला. उन्हामुळे फोनच्या पडद्यावर हाताची सावली धरून मी मांडव चौकटीत बसवत होतो. मिनिटभर तरी ड्रोन एका जागी घोंघावत उभा असेल. तेवढ्यात मांडवामागच्या घरातून बाईची किंकाळी आली आणि पाठोपाठ तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज.

मी ड्रोन उतरवला. पंखे थांबेपर्यंत दहा-बारा माणसं मैदानात आली होती. पुढे दत्तरावांचा मुलगा बालाजी. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको सुनीता, उदगीरकडची. ती न्हाणीत अंघोळ करत होती. आमच्याकडच्या खेड्यांत न्हाणी म्हणजे घरामागे पुरुषभर उंचीच्या तीन भिंती आणि पुढे पडदा. वर छप्पर नसतं. का असावं? वरून कोण बघणार? शेकडो वर्षं वर पाखरं सोडून कुणी नव्हतं. त्या सकाळी मी होतो.

"काय काढलं तुमी?" बालाजीने विचारलं. तो ओरडला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"मांडव काढत होतो बालाजी. खाली माझं ध्यान नव्हतं. अल्ला शप्पथ."

"ध्यान नव्हतं, पर मशिनीत तर आलं असंल."

ते खरं होतं. मी मांडवाकडे बघत होतो, पण कॅमेरा माझ्यासारखा एकीकडेच बघत नाही. चौकटीच्या कडेला काय आलं ते मला ठाऊक नव्हतं. आणि तीस मीटरवरून माणूस बोटाएवढा दिसला, तरी हल्लीच्या चित्रात तो मोठा करून बघता येतो. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं.

बालाजीचा एक आतेभाऊ पुढे आला. "वाद कशाला? लावा हितंच. समद्यांनी बघू. काय नसंल तर भाई सुटले, असंल तर बघू काय करायचं ते."

मागून दोघातिघांनी "हाव, लावा" म्हटलं. दत्तराव मांडवाकडे बघत होते. मांडवात पाहुणे यायला लागले होते, बारा वाजता लग्न होतं आणि घरच्या सुनेचं नाव मैदानात निघालं होतं.

मला माझी चामडी वाचवायची असती, तर लावणं सोपं होतं. त्यात काही नसेलही. पण असलं तर? इतक्या पुरुषांनी ते एकदा बघितलं की मी कार्ड जाळलं तरी काय उपयोग? मी संध्याकाळी नांदेडला निघून जाणार. त्या मुलीला मात्र याच गल्लीतून रोज पाण्याला जायचं होतं. मी कार्ड काढून मुठीत धरलं.

"मी अजून बघितलेलं न्हाई, आन तुमीबी बघायचं न्हाई," मी म्हणालो. "आधी ती बघंल. ती म्हणली तर तुमाला दावतो. ती न्हाई म्हणली तर कुणालाच न्हाई."

आतेभाऊ म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं?"

"मी शिकवतो."

त्यावर गलका झाला. कुणीतरी माझ्या मनगटाला हात घातला. तेवढ्यात गंगाबाई आल्या, दत्तरावांच्या मंडळी. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीने माखलेले, कारण आत नवरीला हळद लागत होती. त्यांनी गर्दीकडे बघितलंच नाही. मला म्हणाल्या, "भाई, आत चला." मग पोराकडे वळून म्हणाल्या, "बाल्या, तू मांडवात जाय. पाव्हण्याला पाणी इच्यार."

बालाजी गेला. तो गेल्यावर बाकीच्यांना मनगट धरायला काही कारण उरलं नाही.

ज्वारीची पोती रचलेल्या खोलीत सुनीता बसली होती. केसांतून पाणी गळत होतं आणि समोरचा चहा साय धरून थंड झाला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी दारातच खाली बसलो, लॅपटॉपमध्ये कार्ड घालून तो मधे ठेवला आणि ती माझी मुलगी असती तर जसं सांगितलं असतं तसं सांगितलं. "बाळा, हे दाबलं की चालू. हे दाबलं की थांबतंय. ह्यानं मोठं होतंय. आन हे दाबलं की कायमचं पुसतंय, मग माझ्या बापालाबी परत आणता येत न्हाई." मग खिशातून माझा फोन काढून लॅपटॉपशेजारी ठेवला. उडवताना फोनमध्येही एक हलकी प्रत साठते. हे सहसा कुणाला माहीत नसतं. सांगितलं नसतं तर तिलाही कळलं नसतं. "ह्यातबी हाय," मी म्हणालो, आणि तीही कशी पुसायची ते दाखवलं.

ती पहिल्यांदा बोलली. "तुमी बघितलं न्हाई?"

"न्हाई."

"मग तिकडं तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. शेजारी गंगाबाई उंबऱ्यावर बसल्या. मागे एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. मला जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. बसल्या बसल्या मला अब्बा आठवले. आमचं घर मोहल्ल्यात, माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. पावसाळ्याआधी अब्बा माळवदावर माती टाकायला चढायचे. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी ते गल्लीत हाळी द्यायचे, "ऊप्पर चढ रौं, पर्दा कर लेव!" आजूबाजूच्या चार अंगणांतून बायकांचा होकार आला की मगच चढायचे. एकदा मी पतंगाच्या नादात हाळी न देता चढलो, तर अब्बांनी मला शिडीवरून खाली ओढून मारलं होतं. मी हे सगळं न राहवून गंगाबाईंना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. हातावरची वाळलेली हळद खरवडत म्हणाल्या, "मंग हितं कामून न्हाई दिली हाळी?"

तारा बघितल्या, मोहोळ बघितलं, पात्यांवरून नख फिरवलं. पण मी लोकांच्या माळवदांवर चढतोय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आमच्या मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बऱ्याच वेळाने सुनीता म्हणाली, "झालं." मी वळलो. लॅपटॉप मिटलेला होता, त्यावर फोन पालथा. तिने केस बांधले, पदर घेतला आणि आमच्या आधी ती बाहेर गेली. ओसरीवर दत्तराव होते, बालाजी पाण्याची घागर घेऊन परत आला होता, आतेभाऊही होताच.

"त्यात काय न्हाई," ती म्हणाली. "मी समदं बघितलं."

आतेभावाने माझ्याकडे बघितलं. "खरं का, भाई?"

"ती म्हणती ते खरं," मी म्हणालो. न बघितलेल्या चित्राची हमी मी आयुष्यात तेवढी एकदाच दिली. पुढे घरी जाऊन बघितलं तर सकाळचं एकही चित्र कार्डात नव्हतं, देवळाचंसुद्धा नाही. फोनही रिकामा होता. तिने वेचून पुसलं नव्हतं, सगळंच पुसलं होतं. तिला त्यात काय दिसलं, ते मला माहीत नाही. ते माहीत नाही याचंच मला समाधान आहे.

मी सामान आवरायला लागलो. दत्तराव जवळ येऊन बसले. "जाऊ द्या भाई. गावाचं चित्र राहिलं तर राहिलं," एवढं म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. मी म्हणालो, खालून जेवढे काढता येतील तेवढे फोटो काढतो. ड्रोनच्या पेटीला मी कुलूपसुद्धा लावलं.

सुनीता चुलीकडे निघाली होती. थांबून तिने सासऱ्यांना विचारलं, "मामा, परण्या कवा निघतोय?" परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात ती मिरवणूक.

"अकराला," दत्तराव म्हणाले.

"मंग तवा उडवा म्हणावं. तवर समद्यांच्या अंगोळी उरकत्यात." हे ती माझ्याकडे न बघता बोलली. मग म्हणाली, "मी सांगून येते बायांला. मी सांगितल्याबिगर उडवायचं न्हाई."

अकरा वाजेपर्यंत ती प्रत्येक गल्लीत गेली. लग्नघरची सून, हाताला हजार कामं, आणि ती दारोदार हाळी देत हिंडली. मी मैदानात बसून ऐकत होतो. "बायांनो, ते भुंगं वर चाललंय बरं का. न्हाणीत कोण असंल तर आवरा." काही दारांतून हसण्याचे आवाज आले. एका म्हातारीने विचारलं, "आन बघायला बाहेर आलं तर चालतंय का?" सुनीता म्हणाली, "हाव, चांगलं लुगडं नेसून या." सकाळी जिचं नाव मैदानात चघळलं गेलं, तीच आता गावाला सांगत होती की कुणी कधी बघायचं. मला वाटलं, माझ्या सगळ्या परवान्यांपेक्षा हा परवाना मोठा आहे.

अकराला नवरदेव घोड्यावर बसला. सुनीताने गल्लीच्या तोंडाशी येऊन हात वर केला. मी उडवलं.

ऊन डोक्यावर आलं होतं. सावल्या आखूड, धूर नाही, सकाळच्या उजेडातलं काहीही शिल्लक नव्हतं. फोटोवाल्याच्या हिशोबाने ती अगदी वाईट वेळ. पण अंगणाअंगणांत बाया नवी लुगडी नेसून उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून वर बघत होत्या. सकाळी मला घरंच दिसली होती. आता पहिल्यांदा त्यात राहणारी माणसं दिसली. देवळापासून सरकत मी ठरलेल्या वाटेने मांडवाकडे आलो आणि मागच्या आळीवर पडद्यावर काहीतरी रंगीत दिसलं. काय आहे ते कळेना, म्हणून मी ड्रोन थांबवला.

ती फुलाफुलांची पलंगावरची चादर होती. चार बायकांनी चार कोपरे धरून हात उंच करून ती एका न्हाणीवर ताणून धरली होती. शेतावरून उशिरा आलेली कुणीतरी खाली अंघोळीला बसली असणार. तिच्यासाठी मला थांबवता आलं असतं. त्यांनी थांबवलं नाही, कारण दत्तरावांच्या लेकीला गाव दिसायचं होतं.

एक कोपरा सुनीताने धरला होता. घोंघावणं एका जागी थांबलं तसं तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. चादर डाव्या हातात घेतली, उजवा हात मोकळा केला आणि पुढे जा अशी खूण केली.

मी पुढे गेलो.